रोजची दिनविशेष मंजूषा: वर्गणी भरावी का?

आधीच सांगते, जयंत्या-पुण्यतिथ्या पाठ करून गुण मिळवायची हौस असेल तर ही मंजूषा तुमच्या कामाची नाही. तेवढ्यासाठी पेपरातला दिनविशेषाचा कोपरा पुरतो. इथे वर्षाला ३०० रुपये मोजावे लागतात. मी पुन्हा भरले, आणि घरातल्यांनी "फुकट मिळतं ते विकत कशाला?" असं विचारलं, म्हणून हे सगळं एकदा नीट लिहून काढते.

मंजूषा म्हणजे व्हॉट्सॲपवरचा एक बंद ग्रुप. तो चालवणारे गृहस्थ निवृत्त शिक्षक आहेत. ग्रुपवर सगळे त्यांना नुसतं "सर" म्हणतात, मीही तेच म्हणते. सकाळी सातला पाच प्रश्न येतात, पाचही त्या दिवसाच्या तारखेचे. उत्तरं ग्रुपवर टाकायची नाहीत, सरांच्या नंबरवर दुपारी दोनच्या आत पाठवायची. रात्री साडेआठला उत्तरं येतात, प्रत्येकाखाली चार-सहा ओळींचं टिपण. मग ग्रुप सगळ्यांना खुला होतो आणि दहापर्यंत गप्पा चालतात. दहाच्या ठोक्याला कुलूप. शनिवारी गुणतक्ता. बक्षीस म्हणावं असं काही नाही, दिवाळीत पहिल्या तिघांना एकेक दिवाळी अंक पोस्टाने येतो.

गप्पांना एकच नियम: स्वतः पाहिलेलं सांगा, नाहीतर घरात ऐकलेलं सांगा. फॉरवर्ड चालत नाही आणि मतही चालत नाही. सुरुवातीला मला हा नियम जाचक वाटला होता, पण सगळी गंमत त्यातच आहे हे हळूहळू कळत गेलं.

याआधी मी एक मोबाइल ॲप वापरून पाहिलं होतं. तिथे दर तिसऱ्या प्रश्नानंतर झटपट कर्जाची जाहिरात यायची आणि प्रश्न कुठल्यातरी परदेशी यादीतून यंत्राने मराठीत ओढून आणलेले. अमेरिकेच्या अमुक राज्याचा तमुक गव्हर्नर कधी वारला, हे कोथरूडमध्ये बसून सकाळी सकाळी कुणाला हवंय?

सरांचे प्रश्न वेगळे असतात. २५ जूनचा एक सांगते. "या तारखेला लॉर्ड्सवर भारतीय क्रिकेटच्या दोन मोठ्या गोष्टी घडल्या आणि त्यांच्या मधल्या काळात दिल्लीत रात्री उशिरा एक सही झाली. तिन्ही सालं सांगा." १९८३ शेंबड्या पोरालाही येतं. १८३ धावा करून वेस्ट इंडिजला १४० मध्ये गुंडाळलं तो दिवस. सही म्हणजे १९७५ ची आणीबाणी. घोडं अडतं ते पहिल्या सालावर. भारताची पहिलीवहिली कसोटी २५ जून १९३२ ला सुरू झाली, तीही लॉर्ड्सवरच, कर्णधार सी. के. नायडू. नायडूंचा जन्म नागपूरचा, त्यामुळे त्या रात्री गप्पांमध्ये नागपूरकरांची कॉलर जरा जास्तच ताठ होती.

पण रंगलं ते आणीबाणीवरच. एका बाईंचे वडील शाळामास्तर, ते येरवड्यात होते. डबा द्यायला गेल्यावर भिंतीपलीकडून नुसता खोकला ऐकू यायचा आणि तो वडिलांचाच असं आई ठरवून टाकायची, असं त्यांनी लिहिलं. दुसऱ्या एका गृहस्थांचे वडील सरकारी कचेरीत. त्यांना त्या काळाबद्दल आठवत होतं ते एवढंच, की साहेब दहाच्या आधी खुर्चीत हजर असायचे. दुसऱ्या कुठल्याही ग्रुपवर इथे मारामारी झाली असती. इथे मत मांडायची सोयच नसल्यामुळे दोन्ही घरं शेजारी शेजारी उभी राहिली. कुणीतरी "पण तेव्हा" असं लिहायला घेतलंच होतं, तेवढ्यात दहा वाजले.

आणखी एक प्रश्न मला फार आवडला, कारण तो शोधून सापडत नाही. २९ फेब्रुवारीला सरांनी विचारलं: "मोरारजी देसाईंचा जन्म २९ फेब्रुवारी १८९६ चा. मग जन्मतारीख बरोबर धरून त्यांचा पहिला वाढदिवस वयाच्या कितव्या वर्षी आला?" बहुतेकांनी चार लिहिलं आणि गुण घालवला. १९०० हे लीप वर्ष नव्हतं, शतकाच्या वर्षाला ४०० ने भाग जावा लागतो. म्हणजे थेट १९०४, वय वर्षं आठ. आणि त्याच दिवशी, २९ फेब्रुवारी १९०४ ला, भरतनाट्यमच्या रुक्मिणीदेवी अरुंडेल जन्मल्या. ग्रुपमध्ये याच तारखेला जन्मलेले एक सांगलीकर आहेत. त्यांनी वर्गणीत तीन चतुर्थांश सूट मागितली आहे.

१ ऑगस्टला काय येणार हे मला आधीच माहीत होतं असं वाटलं होतं. प्रश्न आला: "१९२० च्या या एकाच दिवशी मुंबईत काय संपलं आणि वाळवे तालुक्यात काय सुरू झालं?" मध्यरात्र उलटून गेल्यावर सरदारगृहात टिळक गेले, आणि त्याच तारखेला वाटेगावात अण्णाभाऊ साठे जन्मले. असहकाराची चळवळही त्याच दिवशी सुरू व्हायची होती. या दोन नावांच्या जयंती-पुण्यतिथीच्या बातम्या पेपरात एकाच दिवशी, पण निरनिराळ्या पानांवर असतात. एका वाक्यात त्यांना बसवायला धीटपणा लागतो. गप्पांमध्ये घाटकोपरच्या एका काकांनी लिहिलं, की त्यांच्या वडिलांनी संयुक्त महाराष्ट्राच्या सभेत अण्णाभाऊंना गाताना ऐकलं होतं, आणि घरी येऊन त्यांचं पहिलं वाक्य होतं, "पुढारी काय बोलले ते विसरलो."

तरीही, या मंजूषेला मी पैसे देते ते या प्रश्नांपेक्षा टिपणांसाठी. सर तारीख देऊन थांबत नाहीत, ती तारीख कशावरून आली ते सांगतात. हे मी दुसरीकडे कुठे पाहिलेलं नाही. १४ जानेवारीला त्यांनी विचारलं, "पानिपतची लढाई संक्रांतीच्या दिवशी झाली. बरोबर की चूक?" सगळ्यांनी डोळे झाकून "बरोबर" लिहिलं. पानिपतावर संक्रांत कोसळली हे आपण लहानपणापासून ऐकतच आलोय. लढाई १४ जानेवारी १७६१ ची, बुधवार, पौष शुद्ध अष्टमी, इथपर्यंत सगळं ठीक. पण संक्रांत १४ तारखेला खिळ्याने ठोकलेली नाही. ती साधारण सत्तरेक वर्षांनी एक दिवस पुढे सरकते. पुरावा सरांनी आपल्या रोजच्या माहितीतलाच काढला. विवेकानंद जन्मले १२ जानेवारी १८६३ ला, आणि त्या दिवशी संक्रांत होती. १८६३ मध्ये संक्रांत जर १२ ला, तर त्याच्याही शंभर वर्षं आधी ती १४ ला कशी असेल? तेव्हा ती १० तारखेच्या आसपास येऊन गेलेली. लढाईच्या दिवशी संक्रांत उलटून गेली होती.

इतकं सोपं, आणि मला आयुष्यात कधी सुचलं नव्हतं. त्या रात्री एका साताऱ्याच्या काकूंनी लिहिलं, की त्यांच्या घराण्यातला कुणी पानिपतावर पडला म्हणून त्यांच्याकडे संक्रांतीला आजही गोड करत नाहीत, मग आता काय करायचं? सरांचं उत्तर आलं, "घरचा नेम घरात चालू द्या. तारीख तेवढी वहीत दुरुस्त करा."

६ जूनचं टिपण याहून खोल होतं. राज्याभिषेक ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी, शके १५९६. आपण ६ जून १६७४ म्हणतो ती इंग्रजांच्या त्या वेळच्या जुन्या दिनदर्शिकेतली तारीख. इंग्रजांनी ती दिनदर्शिका १७५२ मध्ये सोडली आणि सोडताना अकरा दिवस गाळले: २ सप्टेंबरच्या दुसऱ्या दिवशी १४ सप्टेंबर उजाडला. पोर्तुगीज मात्र १५८२ मध्येच नव्या गणनेवर गेले होते. म्हणजे रायगडावर तो सोहळा चालू असताना मुंबईच्या वखारीत ६ जून होता आणि गोव्यात १६ जून. एकाच किनाऱ्यावर, एकाच दिवशी. इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झेंडन त्या वेळी गडावर हजर होता, त्याने आपल्या हिशेबाने ६ लिहिलं, आणि आपण ते चालवतोय. तिथीने की तारखेने, यावर शिवजयंतीला आपल्याकडे दरवर्षी जे वाद होतात त्यातल्या किती जणांना हे माहीत असतं? मी आयुष्यभर बँकेत बसून व्हाउचरवर तारखेचे शिक्के मारले. तारीख म्हणजे शिक्का, त्यात वाद कसला, अशी माझी समजूत होती. ती या माणसाने मोडीत काढली.

आता ११ डिसेंबरबद्दल. आम्ही मूळचे कराडचे. कोयनेचा भूकंप झाला तेव्हा मी दोन वर्षांची होते, त्यामुळे माझं स्वतःचं असं काहीच नाही. प्रश्न असा होता: "हा भूकंप परदेशी याद्यांमध्ये १० डिसेंबर १९६७ असा का सापडतो?" उत्तर घड्याळाचं. आपल्याकडे पहाटेचे सव्वाचार वाजून गेले होते आणि ग्रीनिचला अजून आदल्या रात्रीचे अकराही वाजले नव्हते. टिपणात पुढे धरणाच्या पाण्याच्या भाराने भूकंप होऊ शकतो का, यावर कोयनेमुळे जगभर कसा अभ्यास सुरू झाला ते होतं. १०३ मीटर उंचीच्या त्या भिंतीला तडे गेले पण ती उभी राहिली, आणि वीजघर बंद पडल्याने मुंबईचे कारखाने अंधारात गेले, हेही.

रात्री मी आईला फोन लावला आणि तिचं बोलणं रेकॉर्ड करून ग्रुपवर टाकलं. आई आता ऐंशीला टेकली आहे, भावाकडे कराडला असते. ती म्हणाली, आधी भांडी पडली. मांजर असेल म्हणून सासूबाई ओरडल्या. मग मांडणीच खाली आली. मला उचलून ती अंगणात आली तेव्हा गल्लीतले सगळे आधीच बाहेर होते, आणि थंडी इतकी की शेजारच्या वाण्याने दुकानातली रिकामी पोती सगळ्यांना वाटली. पुढे कित्येक रात्री लोक घरात झोपायला तयार नव्हते. हे सगळं मी पूर्वी तुकड्या-तुकड्यांत ऐकलं होतं, पोत्यांचं मात्र पहिल्यांदाच.

त्या एका मेसेजवर पाटण, चिपळूण, सातारा, पुणे असे एकामागून एक लोक लिहू लागले. चिपळूणच्या एकांनी लिहिलं, त्यांच्या आजीने पहाटे दळायला घेतलं होतं आणि जातं आपोआप फिरतंय असं तिला वाटलं. सध्या मस्कतला असलेल्या एकाने सांगितलं, की त्याचे आजोबा कोयनानगरच्या वसाहतीत कामाला होते आणि त्या रात्रीबद्दल ते कधीच बोलले नाहीत. पाटणच्या एका शिक्षिकेने लिहिलं, आमच्याकडे अजूनही वय सांगताना "भूकंपाच्या आधीचा" म्हणतात. त्या रात्री सरांनी दहाचं कुलूप लावलं नाही. माझ्या आठवणीत असे दोनच अपवाद आहेत, एक हा आणि दुसरा ३० सप्टेंबरचा, किल्लारीच्या भूकंपाच्या रात्रीचा. १९९३ ची अनंत चतुर्दशी, गणपती बोळवून लोक नुकते झोपलेले, आणि पहाटे चारच्या सुमाराला धक्का. तेव्हा मदतीला गेलेले दोघे जण ग्रुपमध्ये आहेत. त्यांनी जे लिहिलं ते इथे उतरवण्यासारखं नाही.

या पद्धतीची एक मोठी उणीव मात्र आहे, आणि सरांना ती ठाऊक असावी. जिवंत माणसांना जे आठवतं तेच गप्पांत मोठं होतं. २६ जुलैच्या पाच प्रश्नांत हे तीन होते: १९०२ चा शाहू महाराजांचा आरक्षणाचा हुकूम, १९९९ चा कारगिल विजय आणि २००५ चा मुंबईचा पाऊस. साडेआठला ग्रुप उघडला आणि पुढचा दीड तास नुसता पाऊस. सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर, कोण कुर्ल्याहून चालत ठाण्याला गेलं, कोण बसच्या टपावर रात्रभर, कुणी अनोळखी घरात वरणभात खाल्ला. छान होतं, नाही म्हणत नाही. पण करवीर संस्थानात ५० टक्के जागा मागासवर्गीयांना राखून ठेवणारा हुकूम, तोही महाराज स्वतः विलायतेत असताना निघालेला, त्यावर एक ओळ आली नाही. १९०२ चं कुणाला कसं आठवणार? घरात ऐकलेलं तरी असायला हवं होतं. ज्या घरांमध्ये ते ऐकलेलं असेल ती घरं या ग्रुपमध्ये पुरेशी नाहीत, हे त्या शांततेवरून कळलं. दुसऱ्या दिवशी सरांनी तारीख बाजूला ठेवून पाचही प्रश्न त्या हुकुमावर काढले. तारखेचा नियम त्यांनी मोडला, ते बरं केलं.

पुणे-मुंबईकडे झुकतं माप हीसुद्धा तक्रार आहेच. १७ सप्टेंबरला मराठवाडा मुक्तिदिनावर एकच प्रश्न होता, बाकीचे चार कुठलेकुठले. नांदेडच्या सभासदाने सुनावलं तेव्हा सरांनी त्यालाच पुढच्या वर्षीचे पाच प्रश्न काढायला सांगितले आहेत. गोव्याचंही तेच. १९ डिसेंबर १९६१ न चुकता येतो, पण १६ जानेवारी १९६७ चा जनमत कौल पहिल्या वर्षी आलाच नाही. मडगावच्या एका ताईंनी आठवण करून दिल्यावर पुढच्या जानेवारीत आला. महाराष्ट्रात विलीन व्हायला फूल आणि वेगळं राहायला दोन पानं, अशी चिन्हं होती. दोन पानांना १,७२,१९१ मतं पडली, फुलाला १,३८,१७०. आपल्याकडे शाळेत १ मे शिकवतात, पण शेजारी लोकांनी मतपेटीतून "तुमच्यात यायचं नाही" असं सांगितलं, ते शिकवत नाहीत. मडगावच्या ताईंच्या घरात आजी दोन पानांची आणि आजोबा फुलाचे. कौल लागल्यावर आजोबांनी दोन दिवस जेवताना मासळीचं ताट परत पाठवलं. ग्रुपवरचे मुंबईकर त्या रात्री जरा गप्प गप्पच होते.

बाकी किरकोळ. सुप्रभातच्या गुलाबांना बंदी आहे, पण सभासदांच्या वाढदिवसांना नाही, आणि त्या दिवशी शुभेच्छांच्या ढिगातून टिपण उकरून काढावं लागतं. जुनी टिपणं शोधायची सोय नाही. मी ती वहीत उतरवून घेते, पण ३०० रुपयांत वर्षाअखेरीस सगळी एकत्र करून पाठवायला काय हरकत आहे? काही जण पाच-पाच मिनिटांचे व्हॉइस मेसेज टाकतात, त्यातली पहिली दोन मिनिटं "हॅलो, ऐकू येतंय का" यात जातात. मध्यंतरी काही दिवस प्रश्नच आले नाहीत आणि कुणाला काही कळवलंही नव्हतं. नंतर तेवढे दिवस वर्गणीत वाढवून मिळाले, पण एक ओळ टाकली असती तर लोकांना काळजी लागली नसती. इंटरनेटवर बघून उत्तरं देणारे आहेतच, पण चांगले प्रश्न तसे सुटत नाहीत, त्यामुळे त्यांचं नुकसान त्यांचंच.

आणि अर्ध्या गुणाचा घोळ. १६ एप्रिलला विचारलं होतं, बोरीबंदर ते ठाणे पहिली गाडी निघाली तेव्हा तिला किती डबे आणि किती इंजिनं. डबे १४, प्रवासी सुमारे ४००, इंजिनं तीन: साहिब, सिंध आणि सुलतान. ज्यांनी नावं लिहिली पण आकडा लिहिला नाही त्यांना अर्धा गुण, आणि आकडा लिहून नावं न लिहिणाऱ्यांना पूर्ण. हा कुठला न्याय? एका निवृत्त स्टेशनमास्तरांनी यावर इतकं लांब पत्र लिहिलं की ते स्वतंत्र टिपण म्हणून ग्रुपवर लावावं लागलं. निकाल बदलला नाही.

घ्यायची असेल तर आधी आठवडाभर फुकट बघता येते, नंतर यूपीआयने पैसे. एका वर्गणीवर एकच नंबर, हे ध्यानात ठेवा. कोयनेच्या रात्रीनंतर आईने मला रोज सकाळी फोन करून प्रश्न वाचायला लावले आणि उत्तरं माझ्या नावावर जाताहेत हे कळल्यावर भावाच्या मागे लागून स्वतःची वर्गणी भरली. गुणतक्त्यात ती माझ्या वर आहे. स्टेशनमास्तरांच्या पत्राखाली तिनेही सही केली आहे, आणि तिचा तो अर्धा गुण मिळेपर्यंत सरांशी साडेआठनंतर बोलायचं नाही असं तिने ठरवलंय. उत्तरं मात्र दोनच्या आत पाठवते.